आपण म्हणजे कोण

"आता आपण पाय वर उचलायचा," मी म्हणाले, आणि पलंगावर उताणे पडलेले ड्रायव्हिंगवाले आजोबा छताकडे बघत म्हणाले, "आपण म्हणजे कोण?"

मला वाटलं, त्यांना ऐकू आलं नाही. टाचेखाली हात धरून मी तेच पुन्हा म्हणाले, जरा आवाज चढवून. "ओरडू नकोस. गुडघा नवीन बसवलाय, कान जुनेच आहेत," ते म्हणाले. "मी विचारतोय, आपण म्हणजे कोण? पाय माझा. कळ माझ्या मांडीत जातेय. तू तर मजेत उभी आहेस." आतल्या खोलीतून त्यांची सून हसली. मीही हसले, कारण अशा पेशंटपुढे हसावंच लागतं, नाहीतर ते रुसून उरलेला व्यायाम करत नाहीत. आजोबा मात्र हसत नव्हते. जन्मभर त्यांनी लोकांना गाडी चालवायला शिकवलं होतं आणि अजूनही शेजारी कुणी उभं राहिलं की ते त्याच्याकडे तिरक्या नजरेने बघत, आता हा कुठे धडकवतोय असं. "मीही म्हणायचो," ते म्हणाले. "आता आपण वळू या, आता आपण ब्रेक दाबू या. पण माझ्या पायाशी दुसरा ब्रेक असायचा. शिकवायच्या गाडीत असतोच. समोरचा घाबरला की मी दाबायचो. तुझ्या पायाशी काय आहे?" मी खाली बघितलं. माझ्या पायाशी त्यांची पाण्याची बाटली होती. "चला, उचला," मी म्हणाले, आपण हा शब्द गाळून. त्यांनी पाय उचलला, मला आणि सर्जनला एकेक शिवी दिली, आणि मग बराच वेळ सिग्नल हे आळशी पोलिसांनी काढलेलं खूळ कसं आहे ते मला समजावून सांगितलं. ब्रेकचं ते तेवढ्यात विसरूनही गेले असतील. बोलायची सवय असलेली माणसं असं काहीबाही बोलतात, आपण मनावर घ्यायचं नसतं.

पण मी घेतलं, कारण माझ्या बॅगेत, व्यायामाच्या रबरी पट्ट्यांखाली, घडी घातलेलं एक भाषण होतं आणि ते संध्याकाळी करायचं होतं. आयुष्यातलं पहिलं. आमच्या भागातला पालिकेचा दवाखाना बंद करून हायवेपलीकडे हलवायचं घाटत होतं. जागा कुणाला तरी पार्किंगला द्यायची होती. पलीकडे जायला पूल आहे, पण लिफ्ट नाही, नुसत्या पायऱ्या. त्या पुलाचं नाव काढलं की माझे पेशंट विषय बदलतात. वॉर्डाची निवडणूक तोंडावर आली होती. दवाखाना वाचवायला जी चार टाळकी जमली होती त्यांत मी एक, आणि उभं कोण राहणार हा प्रश्न निघाला तेव्हा बाकीचे एकदम माझ्याकडे बघायला लागले. "वॉर्डातला प्रत्येक गुडघा तुला ओळखतो," कोपऱ्यावरचा औषधवाला म्हणाला. मला हसू आलं आणि हसता हसता मी हो म्हणून बसले. मग घाबरून एक अट घातली. आधी ज्येष्ठ नागरिक मंडळासमोर बोलेन, त्यांनी हात वर करून पाठिंबा दिला तरच उभी राहीन. दवाखाना त्यांचा, त्यांनाच नको असेल तर मी कशाला नाचू? अट ऐकायला छान होती. तिच्यात एकच गोम होती. मंडळाच्या पहिल्या रांगेत माझी आई बसते.

जिन्यात, दोन मजल्यांच्या मधल्या खिडकीशी उभी राहून मी भाषण उघडलं. औषधवाल्याने मला बजावलं होतं, मोठ्याने बोल आणि आपण-आपण म्हणत राहा, म्हाताऱ्या माणसांना आपलेपणा वाटतो. मी इमानेइतबारे म्हटलं होतं. आपण सगळ्यांनी मिळून हा दवाखाना जपला. आपल्याला तिथपर्यंत चालवणार नाही. आपण गप्प बसलो तर. आपला रक्तदाब, आपल्या गोळ्या. हे वाचून मला कानकोंडं झालं. माझा रक्तदाब ठणठणीत आहे, आणि तो पूल मी रोज बॅग घेऊन धावत चढते. पेन काढून मी तिथे तुम्ही घातलं. तुम्हाला तिथपर्यंत चालवणार नाही. हे सरळ सरळ वय काढणं झालं. आणि तुम्ही गप्प बसलात तर, ही तर धमकीच. मग आम्ही घालून बघितलं. आम्ही हा दवाखाना हलू देणार नाही! लगेच डोळ्यांसमोर जीप आली, जीपवर कर्णा आणि मागे गळ्यात पक्षाचे पट्टे घातलेली माणसं. आम्ही म्हटलं की ऐकणारा दाराबाहेर जातो आणि दार लागतं. राहता राहिलं मी. मी घालून वाचायला गेले तर एकही वाक्य उभं राहीना. मी दवाखाना जपला? कधी? मला तिथे शेवटचं इंजेक्शन लहानपणी दिलं होतं आणि मी नर्सच्या हाताला चावले होते. खालून भाजीची पिशवी घेऊन वर येणाऱ्या बाईंना वाट देता देता माझ्या लक्षात आलं की या अख्ख्या भाषणात मी कुठेच नाही.

हा शब्द मला फिजिओथेरपीच्या कॉलेजात चिकटला. पेशंटला हुकूम सोडायचा नाही, त्याला सोबत वाटली पाहिजे, असं आमच्या मॅडम सांगायच्या, आणि आम्ही सगळ्याजणी परीक्षेत घडाघडा आपण म्हणायचो. आपण कुशीवर वळू या. आपण श्वास घेऊ या. आपण आता थोडं रडून घेऊ या आणि मग वॉकर धरू या. लहान मुलांना आणि आजारी माणसांना सगळेच असं बोलतात. यात वाईट काही नाही. फक्त वळणारा एकटाच वळतो आणि म्हणणारा घड्याळ बघतो. घरात मात्र मी निराळं आपण ऐकत वाढले. आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. लहानपणी कधी तिच्याबरोबर गेले तर मला कोपऱ्यातल्या स्टुलावर बसवून ती कानाला हेडफोन लावायची आणि एकदम परक्या, गुळगुळीत आवाजात बोलायला लागायची. आपला नंबर सांगावा. आपण लाइनवर थांबावं. आपलं बोलणं संपलं का? त्या आपणमध्ये ती स्वतः नव्हतीच, नुसता पलीकडचा माणूस होता, तोही उंच खुर्चीवर बसवलेला. घरी आली की हेच आपण ती आमच्यावर चिडली की काढायची. "आपण जेवायला येणार आहात, की ताट झाकून ठेवू?" असं तिने बाबांना विचारलं की ओळखायचं, आज काही खरं नाही. आणि बाबांचं तर तिसरंच. ते स्वतःलाच आपण म्हणायचे. आपण बुवा चहा घेणार. आपण असल्या भानगडीत पडत नाही. आपण एकटे बरे. मला वाटायचं, बाबांच्या आत अजून कुणीतरी राहतं आणि त्याला विचारल्याशिवाय ते काही करत नाहीत. आई म्हणते, ते आधी असे बोलत नसत. गेटनंतर बोलायला लागले.

बाबा काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात भट्टीवर होते. पुढारी-बिढारी अजिबात नव्हते; घरातला दिवासुद्धा विचारून मालवायचे. पण भट्टीवरच्या माणसांची मधली विश्रांती काढून टाकली, लोक चिडले, आणि गेटवर ज्याने बोलायचं होतं तो ऐन वेळी आजारी पडला, की त्याने अंग काढून घेतलं, आणि कसे कुणास ठाऊक, बाबा स्टुलावर चढले. काय बोलले ते कुणालाच नीट आठवत नाही. एवढंच, की आपण कुणीही उद्या आत जायचं नाही, आणि त्यावर म्हणे टाळ्या थांबेनात. दुसऱ्या दिवशी सगळे आत गेले. काही मागच्या दाराने गेले, काही बाबांच्या समोरून मान खाली घालून. एकाने तर जाता जाता त्यांच्या पाठीवर थोपटलं. दुपारी आई मला घेऊन तिकडे गेली. बाबा गेटच्या बाजूला उभे होते, हातात डबा. वॉचमनने त्यांना खुर्ची आणून दिली होती, तिच्यावर ते बसले नव्हते. "घरी चला," आई म्हणाली. "आपण थांबू जरा," बाबा म्हणाले. "येतील." म्हणून आम्ही थांबलो. ऊन होतं, माझ्या चपला डांबराला चिकटत होत्या आणि मी त्या सोडवायचा खेळ करत होते. त्या आपणमध्ये मी होते, आई होती, आणि आतली ती सगळी माणसंही होती, बाबांच्या लेखी. आईची ड्यूटी सुरू होऊन गेली होती. कुणी आलं नाही. शेवटी तिने त्यांच्या हातातला डबा घेतला आणि तो तिला जड लागला, कारण बाबा जेवले नव्हते. नोकरी अर्थातच गेली. मग वर्षानुवर्षं आई दुसऱ्यांच्या पाळ्या मागून घ्यायची आणि रात्रपाळीहून येऊन आमचे डबे भरायची, आणि बाबा मिळेल ते काम करत, संध्याकाळी खिडकीत बसून म्हणत, आपण एकटे बरे. याच्याबद्दल आमच्या घरी कधी भांडण झालं नाही. भांडण झालं असतं तर बरं, असं मला पुष्कळदा वाटतं.

घरी आले तेव्हा आई आरशासमोर केस विंचरत होती. पलंगावर इस्त्रीची साडी काढून ठेवली होती. मी टेबलाशी बसून भाषणावर काट मारत सुटले. काट मारायला काही लागत नाही. "झालं का पाठ?" तिने आरशातूनच विचारलं. "सगळं खोडलं," मी म्हणाले. "ऐन वेळी?" "खोटं वाटत होतं." "खोटं काय होतं त्यात? दवाखाना हलवतायत ते खोटं आहे?" मी म्हणाले, तसं नाही. मी एकदम विचारलं, "आई, तू हात वर करणार ना?" तिने फणीत अडकलेले केस काढले, बोटाभोवती गुंडाळले. "मी आधी ऐकणार. ऐकून ठरवणार. मुलगी म्हणून हात वर करायला ते काय शाळेचं गॅदरिंग आहे?"

"तुला नकोच आहे मी उभी राहिलेली."

"नकोय," ती म्हणाली. "विचारलंस म्हणून सांगते. आणि लोक वाईट असतात म्हणून नव्हे हं. लोक चांगले असतात. टाळ्या अगदी मनापासून वाजवतात. मग घरी जातात, आणि घरी गेल्यावर त्यांना घर दिसतं. त्यांचं काय चुकलं?"

"मग तू येऊच नकोस."

"का बरं? माझं मंडळ आहे. आणि मला ऐकायचंय." खांद्याशी पिन लावता लावता ती थांबली. "ही साडी फार भडक नाही ना दिसत?" मी म्हटलं, चांगली दिसतेस. त्या दिवशी तेवढंच मी न अडखळता बोलले. मग ती उठून माझ्या मागे आली, माझी कॉलर सारखी केली आणि म्हणाली, "पाणी पिऊन घे. तुझा आवाज बसतो घाबरलीस की." बाबांचाही बसायचा. ते तिने सांगितलं नाही, मला माहीत होतं.

आम्ही एकत्रच निघालो. रस्ता ओलांडताना तिने माझा दंड धरला आणि मंडळाच्या फाटकाशी सोडला. "आता इथून तू तुझी, मी माझी," ती म्हणाली, आणि पहिल्या रांगेत आपल्या जागेवर जाऊन बसली, पर्स मांडीवर, पाठ ताठ. हॉल तसा लहान. प्लास्टिकच्या खुर्च्या, त्यांवर घरून आणलेल्या उशा, भिंतीशी टेकवलेल्या काठ्या, आणि टेबलावर उकळत ठेवलेल्या चहाचा वास. ओळखीचे चेहरे दिसले, पण मला चेहऱ्यांच्या आधी सांधे दिसतात. हे माझं नेहमीचं दुखणं आहे. हे दुसऱ्या रांगेतले, उजवा खुबा. या खिडकीशी बसलेल्या, दोन्ही खांदे, पंखा नको म्हणतील. अध्यक्षांनी माझी ओळख करून देताना मला डॉक्टर म्हटलं, मी मान हलवून नाही म्हणाले, त्यांना तो नम्रपणा वाटला. माइक खरखरला. समोरच्या सगळ्यांनी कानांवर हात ठेवले आणि काढले. मी कागद बाहेर काढला नाही, कारण त्याच्यावर आता काटांशिवाय काही नव्हतं. तोंडचं पाणी पळणं म्हणजे काय ते तेव्हा कळलं. जीभ टाळूला लागली की सुटेना.

"मी रोज तुमच्या गुडघ्यांशी बोलते," मी म्हणाले. "आज पहिल्यांदा वर बघून बोलतेय." थोडे हसले. "माझा रक्तदाब चांगला आहे. पूल मी धावत चढते. दवाखाना हलला तर उद्या माझं काहीही बिघडणार नाही. बिघडलं तर तुमचं बिघडेल. हे आधी सांगते, म्हणजे मग मला खोटं बोलावं लागणार नाही." आता कुणी हसलं नाही. मागे औषधवाला उभा होता, त्याने कपाळाला हात लावला. मला वाटलं, संपलं, आता खाली बसावं. पण बसायला खुर्ची लांब होती, म्हणून बोलत राहिले. दवाखान्यात काय चालतं ते मी बघितलं आहे, म्हणाले. तुमच्यातले निम्मे तिथे औषधाला जात नाहीत. बाकावर बसायला जातात. कंपाउंडर नाव घेऊन हाक मारतो, ती ऐकायला जातात. घरी हल्ली नावाने हाक मारणारं कुणी उरलेलं नसतं. सगळे आजी म्हणतात, आजोबा म्हणतात, मीही म्हणते. हे बोलताना मी पहिल्या रांगेकडे बघितलं नाही. बाबा गेल्यापासून आई सकाळी रक्तदाब दाखवायला म्हणून तिथे जाते आणि दुपारी येते, आणि रक्तदाब किती होता हे तिला कधीच सांगता येत नाही. पलीकडे नवी इमारत होईल, म्हणाले, मशिन्स होतील, चांगली होतील. तिथे नंबर लागेल. नावाने हाक मारतील असं मला वाटत नाही. मग मी थांबले, कारण पुढे काही नव्हतं. भाषणाला शेवट असतो हे मी विसरूनच गेले होते.

प्रश्न विचारा, अध्यक्ष म्हणाले. एकांनी फुटपाथच्या फरशांचं विचारलं. एकांनी, माइक नवा कधी घेणार, असं मलाच विचारलं. आणि मग आई उभी राहिली. पर्स खुर्चीवर ठेवली. तो आवाज मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता, गुळगुळीत, परका, एक्स्चेंजमधला. "मला विचारायचं आहे," ती म्हणाली. "समजा, आपण निवडून आलात. आणि तरीही दवाखाना बंद करायचं वरून ठरलंच. तर मग आपण काय करणार?"

हॉलमध्ये खसखस पिकली. बघा, मुलीला अहो-जाहो करतात, कुणीतरी म्हणालं. मी हसले नाही. पहिलं आपण सरळ होतं. आलात म्हटल्यावर ते मीच. पण दुसरं? ती उंच खुर्चीवर बसवून मला विचारत होती, की चिडली होती, की तापलेल्या डांबरावर कधीपासून थांबलेली कुणी बाई विचारत होती, की काय करणार आहोत आता तू आणि मी? तिच्या तोंडाकडे बघून काही कळेना. तिने आवाजासारखाच चेहराही गुळगुळीत करून ठेवला होता. फक्त खुर्चीच्या पाठीवर ठेवलेल्या तिच्या हाताची बोटं पांढरी पडली होती. हसणं थांबलं आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले, तेव्हा माझ्या तोंडून जे निघालं ते मी लिहिलं नव्हतं, खोडलंही नव्हतं.

"कुलूप लावायला येतील त्या दिवशी मी दाराशी उभी राहीन," मी म्हणाले. "तुम्ही आलात तर मला बरं वाटेल. कुणी नाही आलं, तरी मी असेन."

टाळ्या पडल्या. चांगल्या दणदणीत पडल्या. मागे औषधवाला दोन्ही हात डोक्यावर नेऊन वाजवत होता. माझ्या अंगावर काटा आला, आणि खोटं कशाला बोलू, सुख झालं. आई टाळ्या संपेपर्यंत उभीच होती. मग पर्स उचलून बसली. अध्यक्ष म्हणाले, पाठिंबा आहे त्यांनी हात वर करा, आणि हात वर गेले. ते दृश्य मी विसरणार नाही. काही हात कानापर्यंतच जात होते, काही नुसते छातीशी. खिडकीशी बसलेल्या बाईंनी डाव्या हाताने उजव्याचं कोपर धरून तो उचलला होता. कुणाला किती कळ येत असेल ते मला उभ्या जागी कळत होतं. अध्यक्षांनी मोजायचं सोडून दिलं. पहिल्या रांगेत आईचे हात पर्सवर होते, एकावर एक. ठीक आहे, मी मनात म्हणाले. तिने सांगितलंच होतं.

"विरोधात कुणी नाहीच, म्हणजे मग..." अध्यक्ष म्हणाले, आणि आईचा हात वर गेला. सरळ, कोपरात न वाकता, शाळेतल्या मुलीसारखा. हॉल पुन्हा हसला. शेजारच्या बाईंनी तिचा पदर ओढला. "बाई, आता विरोधातलं विचारतोय," अध्यक्ष हळूच म्हणाले. "मला कळलंय," आई म्हणाली. "लिहून घ्या." माझे कान तापले, आणि क्षणभर तिचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. मग मी त्या हाताकडे नीट बघितलं. तो एकटाच वर होता. टाळ्या वाजवणारे आता चहाच्या टेबलाकडे बघत होते, आनंदात होते. भाषणात माणसं असं बोलतात, त्यांना चांगलं वाटलं होतं, आणि माझीही काही तक्रार नव्हती. सेक्रेटरी लिहीपर्यंत तिने हात खाली घेतला नाही. कुणी आलं नाही तरी मी खरोखरच जाऊन त्या दाराशी उभी राहीन, हे त्या अख्ख्या हॉलमध्ये एकट्या तिलाच खरं वाटलं होतं.